विश्लेषण : माडाचा नवा कोंब तपकिरी का पडतो? झाड वाचेल की जाईल, हे कसे ओळखायचे?

माडाची खालची झावळी वाळून लोंबू लागली तर कोकणात कुणी दचकत नाही. ती वाळायचीच असते. पडली की तिचे झाप विणले जातात, हिरांची केरसुणी होते. पण शेंड्याच्या मधोमध भाल्यासारखा उभा असलेला नवा कोंब हिरवा-पिवळा दिसण्याऐवजी तपकिरी पडू लागला, तर ती साधी गोष्ट नसते. भर पावसात अशी खूण दिसल्यावर काही दिवसांत केलेला उपाय झाड वाचवू शकतो. महिनाभर वाट पाहिली तर बहुधा फक्त सरपण उरते.

अडचण अशी की, नवे पान तपकिरी पडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत. कुजीवर खत घालून उपयोग नाही, बोरॉनच्या कमतरतेवर कीटकनाशक मारून उपयोग नाही आणि भुंग्याने पोखरलेल्या माडावर नुसते बुरशीनाशक फवारूनही भागत नाही. म्हणून औषधाच्या दुकानात जाण्याआधी निदान हवे. ते कसे करायचे?

नव्या झावळीला एवढे महत्त्व का?

आंबा, फणस, काजू यांची फांदी मोडली तर दुसरीकडून फुटवा येतो. माडाला ही सोय नाही. त्याला फांद्या नाहीत आणि वाढीचा गाभा एकच, शेंड्याच्या आत खोलवर लपलेला. तिथूनच प्रत्येक नवी झावळी निघते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून पोय येते. तो गाभा मेला की पुढची झावळी नाही, पोय नाही आणि नारळही नाही.

फसगत होते ती इथेच. गाभा मेल्यावरही बाकीचे झाड महिनोन् महिने हिरवे राहते. आधी उमललेल्या झावळ्यांना मुळे आणि खोड पाणी पुरवतच असतात. धरलेले नारळही काही काळ पोसले जातात. ‘झाड हिरवेच आहे, दोन नारळही लागलेत’ असे घरातले म्हणत राहतात आणि आत मात्र वाढ थांबलेली असते. जून-जुलैत सुरू झालेली कुज गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या नजरेस पडते, तेव्हा बऱ्याचदा उपायाची वेळ टळून गेलेली असते.

आज दिसणारी इजा कधीची?

निरोगी, मोठ्या माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळी येते, वर्षाला बारा-चौदा. शेंड्यात एका वेळी ३० ते ४० झावळ्या असतात. म्हणजे माडाचा शेंडा ही एक दिनदर्शिकाच आहे. सर्वांत वरची पूर्ण उघडलेली झावळी साधारण गेल्या महिन्याची, तिच्या खालची त्याआधीच्या महिन्याची, आणि असेच खाली.

झावळी उमलण्यापूर्वी दोन वर्षांहून अधिक काळ गाभ्यात घडत असते. त्यामुळे उघडलेल्या पानावरची खूण आजची नसते. पान मिटलेले असताना भुंग्याने त्यात भोक पाडले असेल, तर ते पान उघडल्यावर काप दिसतात; तोवर काही महिने उलटलेले असतात. पाचव्या झावळीवर काप आहेत आणि त्यानंतरच्या चार झावळ्या धडधाकट आहेत, याचा अर्थ हल्ला होऊन गेला आहे. आता त्या झावळीसाठी औषध मारणे व्यर्थ. उलट अगदी नव्या, मिटलेल्या कोंबाचा रंग बदलला असेल, तर ती घडामोड आत्ताची आहे. तिथे वेळ घालवून चालत नाही.

पहिला प्रश्न : जुने पान की नवे?

निदानाची सुरुवात औषधाच्या नावाने नव्हे, या प्रश्नाने करावी.

खालच्या, जुन्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या-तपकिरी होत असतील तर बहुधा पालाश किंवा मॅग्नेशियमची कमतरता असते. ही अन्नद्रव्ये झाडाच्या आत हलू शकतात. तुटवडा पडला की माड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतो, म्हणून आधी म्हातारी पाने वाळतात. बोरॉनचे उलटे आहे. ते एकदा जुन्या पानात बसले की तिथून हलत नाही, त्यामुळे कमतरता थेट नव्या पानात दिसते.

पानांवर काळा थर दिसत असेल आणि तो बोटाने पुसला जात असेल, तर ती कुज नव्हे. रुगोज चक्राकार पांढरी माशी पानांच्या खालून रस शोषते. तिच्या चिकट स्रावावर ही काळी बुरशी वाढते. २०१६ मध्ये दक्षिण भारतात पहिल्यांदा आढळलेली ही माशी मुख्यतः उघडलेल्या झावळ्यांवर असते. तिच्यावर सरसकट रासायनिक फवारणी केली तर तिला आवरणारे एन्कार्सिया हे परोपजीवी कीटकही मरतात आणि माशी अधिकच वाढते.

नव्या पानावरचा प्रत्येक तपकिरी भाग म्हणजेही रोग नव्हे. अनेक पाम जातींत कोंब उघडताना कडेच्या बारीक पट्ट्या, तंतू सुकून लोंबतात. देठाच्या बुडाशी असणारे जाळीदार तंतूही तपकिरीच असतात. पान हिरवे, ताठ आणि सरळ उघडत असेल तर त्यांची चिंता नको.

कोंबकूज असेल तर काय दिसते?

दमट हवेतील सर्वांत घातक कारण म्हणजे कोंबकूज. तो फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो. फायटोफ्थोरा या ग्रीक नावाचा अर्थच ‘वनस्पतींचा नाश करणारा’. आयर्लंडमध्ये १८४५ पासून दुष्काळाला कारण ठरलेला बटाट्याचा करपा याच कुळातला, आणि कोकण-गोव्यातील पोफळीच्या बागांत सुपारी गळवणारा कोळेरोगही याच घराण्यातला. भारतात पामच्या कोंबकुजीचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ई. जे. बटलर या वनस्पतिरोगतज्ज्ञाने गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात केला. म्हणजे शत्रू नवा नाही. त्याला ओळखायला उशीर होतो, एवढेच.

याची लक्षणे ठरावीक क्रमाने येतात.

- आधी मधला कोंब निस्तेज, फिकट होतो. भोवतीची पाने मात्र हिरवीगार असतात.
- मग कोंब तपकिरी पडून मान टाकतो, एका बाजूला वाकतो.
- हलकेच ओढला तर सहज उपसून हातात येतो. त्याचे बूड मऊ, बुळबुळीत झालेले असते आणि कुजका, नको वाटणारा वास येतो.
- त्यानंतर कुज भोवतालच्या झावळ्यांच्या बुडाकडे सरकते. त्या आतून बाहेर अशा क्रमाने एकेक गळतात. शेवटी उरते ते नुसते खोड.

ओल आणि दुर्गंधी ही या रोगाची ओळख. कोंब कोरडा, कुरकुरीत वाळला असेल आणि वास येत नसेल, तर दुसरे कारण शोधावे.

पावसातच तो का बळावतो?

या सूक्ष्मजीवाचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात. पानावर पाण्याचा पातळ थर असेल तर त्यांना वाट मोकळी. सतत पाऊस, दिवसेंदिवस न पडणारे ऊन, उतरलेले तापमान आणि संपृक्ततेजवळ गेलेली आर्द्रता, असे दिवस त्याला मानवतात. कोकणातले जुलै-ऑगस्ट म्हणजे नेमके हेच. माडाच्या बेचक्यात पाणी साचून राहते आणि कोंबाचा मऊ भाग दिवसचे दिवस ओला राहतो.

रोग कुठल्याही वयाच्या माडाला होतो, पण तरुण झाडे अधिक बळी पडतात. त्यांचा शेंडा जमिनीजवळ असतो, तिथे हवा कमी खेळते आणि पावसाने उडालेली माती थेट कोंबापर्यंत पोचते. दाट लावलेल्या, सावलीतल्या, पाणी तुंबणाऱ्या बागेत धोका वाढतो. दोन माडांत साधारण साडेसात मीटर, म्हणजे २५ फूट अंतर ठेवण्याची शिफारस असते ती याचसाठीही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील नारळ-पोफळीच्या बागा त्यात भुईसपाट झाल्या. त्यानंतर नव्याने उभ्या राहिलेल्या बागांतील झाडे तरुण आहेत. एक झाड गेले तर पुन्हा रोप लावून फळ हाती यायला सहा-सात वर्षे जातात. म्हणून अशा बागांत शेंड्याकडे दर पावसाळ्यात लक्ष ठेवणे अधिक गरजेचे.

गेंड्या भुंग्याची खूण कोणती?

गेंड्या भुंगा रात्री उडून येतो आणि मिटलेल्या कोंबात भोक पाडून आतला रस चाखतो. कोंबाच्या आत पान घडी घालून बसलेले असते. घडी घातलेल्या कागदाला कात्रीने एक काप दिला आणि कागद उलगडला की जशी नक्षी उमटते, तसेच इथे होते. झावळी उघडली की दोन्ही बाजूंना सारखे, त्रिकोणी, कात्रीने कापल्यासारखे काप दिसतात. इतकी नेमकी नक्षी दुसरे कुठलेही कारण काढत नाही.

हल्ला ताजा असेल तर कोंबाच्या बुडाशी भोक दिसते आणि त्यातून चावून टाकलेला तंतूंचा भुसा बाहेर आलेला असतो. भोकाभोवतीचा भाग तपकिरी पडतो, पण सहसा कोरडा असतो. एवढ्याने मोठा माड मरत नाही. लहान रोपात मात्र भुंगा थेट गाभ्यापर्यंत पोचू शकतो, आणि मग रोप जाते.

शिवाय या भोकातून पाणी आणि रोगजंतू आत जातात. म्हणून भुंगा आणि कुज एकाच झाडावर सापडणे नवल नाही. भोकाचा भुसा ओला आणि वास मारणारा असेल, तर दोन्हींचा उपाय करावा लागतो.

सोंड्या भुंगा अधिक घातक का?

गेंड्या भुंग्याची अळी माडात वाढत नाही. ती उकिरड्यात, शेणखतात, कुजक्या ओंडक्यांत वाढते. सोंड्या भुंग्याची अळी मात्र माडाच्या आतच वाढते, आणि हाच फरक जीवघेणा ठरतो. मादी खोडाच्या किंवा शेंड्याच्या जखमेत अंडी घालते. अळ्या आतला मऊ भाग खात खात पोखरतात. बाहेरून झाड ठणठणीत दिसते आणि एके दिवशी अख्खा शेंडा कलंडतो.

त्याआधी काही खुणा सापडतात. खोडावर लहान भोके, त्यातून ओघळलेला तपकिरी चिकट स्राव, चघळलेले तंतू, आतल्या झावळ्यांचा पिवळेपणा. खोडाला कान लावला तर कधी कधी आत कुरतडल्याचा आवाज येतो. पाच ते वीस वर्षे वयाच्या माडांना याचा धोका जास्त.

गेंड्या भुंग्याने केलेल्या जखमा, कोंबकुजीचा वास, झावळी तोडताना खोडाला बसलेला कोयता, या सगळ्याकडे सोंड्या भुंगा आकर्षित होतो. म्हणून हिरवी झावळी तोडावीच लागली तर खोडालगत न तोडता देठाचा सुमारे मीटरभर भाग ठेवावा. खोडात पायऱ्या खाचणे टाळावे.

कीड नाही, कुज नाही, तरी पान वेडेवाकडे?

नवे पान आखूड आले, पात्या एकमेकींना चिकटलेल्या राहिल्या, टोक आकड्यासारखे वळले, पान पंख्यासारखे अर्धवट उघडून कडेने तपकिरी पडले, तर बोरॉनची कमतरता असू शकते. दुर्गंधी नाही, भोक नाही, कोंब घट्ट आहे, ही याची साथीदार लक्षणे.

कोकणातल्या जांभ्या आणि किनाऱ्यावरच्या रेताड जमिनीत हे आढळते. धो धो पावसात बोरॉन पाण्याबरोबर वाहून जाते. पान गाभ्यात घडत असताना तुटवडा पडला तर व्यंग काही महिन्यांनी, पान उघडल्यावर दिसते. म्हणून एखादे पान वाकडे आणि पुढची चांगली असेही होते.

उपाय म्हणून आळ्यात बोरॅक्स दिले जाते, पण मात्रा ग्रॅमचीच असते. ‘थोडे जास्त घातले तर जास्त फायदा’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण पुरेसे आणि विषारी यांतले अंतर फार थोडे आहे. माती तपासून आणि कृषी अधिकाऱ्याला विचारूनच मात्रा ठरवावी. एकदा वाकडे आलेले पान सरळ होत नाही; उपाय लागू पडला की नाही हे पुढच्या पानांवरून कळते.

शेंड्यात मूठभर मीठ टाकण्याचा घरगुती उपाय अनेक ठिकाणी केला जातो. मिठाने बोरॉनचा तुटवडा भरत नाही आणि कुजही थांबत नाही.

वीज पडली असेल तर?

वीज पडलेल्या माडात बदल हळूहळू होत नाही. एका रात्रीत किंवा काही दिवसांत बहुतेक झावळ्या मोडून लोंबतात, खोडावर उभे काळपट पट्टे किंवा भेगा दिसतात. शेजारचे दोन-चार माडही एकाच वेळी बाधित होऊ शकतात. अशा झाडावर पाडेलीला चढवू नये. आतून खोड कमकुवत झालेले असू शकते.

आळ्यात आठवडेच्या आठवडे पाणी तुंबणे, भरतीचे खारे पाणी बागेत शिरणे, यांनीही झावळ्या तपकिरी पडतात. मात्र तेव्हा नुसता कोंब नव्हे, सगळा शेंडाच मलूल दिसतो आणि सखल भागातली झाडे एकत्र बाधित होतात. एकाच झाडाचा एकच कोंब बिघडला असेल तर कीड किंवा कुज. ओळीने झाडे बिघडली असतील तर जमीन आणि पाणी तपासावे.

मोबाइल हाती घेऊन पाच पावले

उंच माडाचा शेंडा जमिनीवरून नीट दिसत नाही आणि पावसात चढणे धोक्याचे. इथे मोबाइलचा कॅमेरा कामी येतो.

१. एकाच जागी उभे राहून, झूम करून शेंड्याचा फोटो काढावा. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा काढावा. कोंब वाढला की अडला, हे दोन फोटो शेजारी ठेवले की कळते.

२. बिघाड मिटलेल्या कोंबात आहे, उघडलेल्या नव्या झावळीत की खालच्या जुन्या झावळीत, हे ठरवावे.

३. कडा पाहाव्यात. सरळ त्रिकोणी काप असतील तर भुंगा. चिकटलेल्या, आखडलेल्या पात्या असतील तर अन्नद्रव्य. सबंध कोंब मलूल, वाकलेला असेल तर कुजीचा संशय.

४. बुटक्या झाडाचा कोंब दोन बोटांत धरून हलकेच ओढावा. घट्ट असेल तर सोडून द्यावा. सुटला तर बूड पाहावे, वास घ्यावा. धडधाकट कोंब जोर लावून ओढू नये, त्यानेच गाभ्याला इजा होते.

५. आसपास पाहावे. शेणखताचा उघडा ढीग आहे का, कुजके ओंडके आहेत का, शेजारच्या बागेत शेंडा गेलेला माड उभा आहे का?

कोंबकूज नक्की झाली तर काय करायचे?

वेळेत सापडलेल्या झाडावर शस्त्रक्रियाच करावी लागते. कुजलेला कोंब काढून टाकावा आणि धारदार, स्वच्छ कोयत्याने सगळा तपकिरी, बुळबुळीत भाग पांढरा, निरोगी गर लागेपर्यंत खरवडावा. थोडा जरी कुजका भाग राहिला तर रोग पुन्हा पसरतो. मग त्या जागी दहा टक्के बोर्डो पेस्ट लावावी. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळा कालवून दोन्ही एकत्र केले की एक लिटर पेस्ट होते.

त्यावर पावसाचे पाणी पडू नये म्हणून मातीचे मडके पालथे घालावे किंवा प्लॅस्टिक सैलसर बांधावे. नवा कोंब बाहेर येईपर्यंत हे झाकण राहू द्यावे. काढलेला कुजका भाग बागेत टाकू नये, तो जाळावा. हत्यार धुऊन मगच दुसऱ्या झाडाला लावावे. भोवतालच्या माडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण कोंबात आणि बेचक्यांत उतरेल असे फवारावे.

बोर्डो मिश्रण चुकते कुठे?

एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण. थोड्या झाडांसाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि दहा लिटर. चुका मात्र नेहमीच्याच होतात.

मोरचूद लोखंडी बादलीत कालवतात. ती प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यातच कालवावी. चुना जुना, हवेने मेलेला असतो, त्यामुळे आम्लता उरते आणि कोवळी पाने करपतात. हे तपासायला विळ्याचे घासलेले पाते मिश्रणात क्षणभर बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. थर चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. पाऊस तोंडावर असताना फवारले तर ते धुऊन जाते. म्हणून उघडीप पाहावी आणि चिकटद्रव्य मिसळावे.

फवारणीनंतर लगेच शहाळी, नारळ उतरवू नयेत. कुठलेही औषध वापरले तरी वेष्टनावर दिलेली मुदत पाळावी.

पुढच्या पावसाआधी कोणती तयारी हवी?

खरा बचाव मे महिन्यात होतो. पावसाआधी पाडेली नारळ उतरवायला चढतो, तेव्हाच शेंडा साफ करून घ्यावा, वाळलेल्या झावळ्या आणि पोयी काढून घ्याव्यात आणि बोर्डोची एक प्रतिबंधक फवारणी करावी. वरून पाहिलेला कोंब कसा होता, हे त्याला आवर्जून विचारावे. पाडेली मिळणे दिवसेंदिवस कठीण झाले आहे. नारळ विकास बोर्डाने २०११ पासून तरुणांना यंत्राच्या साह्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. अशी प्रशिक्षित माणसे फवारणी आणि शेंड्याची साफसफाईही करतात.

भुंग्यासाठी बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू यांचे मिश्रण किंवा डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू टाकली जाते. कोंबात भुंगा बसलेला असेल तर लोखंडी आकड्याने तो काढून मारावा. पण भुंग्यांचा कारखाना माडावर नसतो, जमिनीवर असतो. उकिरडा वेळोवेळी उकरून अर्धवर्तुळाकार वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या वेचाव्यात. मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी शेणखतात मिसळली तर ती या अळ्यांना मारते. वादळात पडलेली माडाची खोडे बागेत कुजत ठेवू नयेत. शेजाऱ्याच्या उकिरड्यातला भुंगा कुंपण मानत नाही, म्हणून हे काम वाडीने मिळून केले तरच फळते.

निदानाबद्दल शंका असेल तर तालुका कृषी कार्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा रत्नागिरीजवळ भाट्ये येथील कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र इथे फोटो दाखवून सल्ला घेता येतो. देशपातळीवर नारळाचे संशोधन करणारी संस्था केरळमध्ये कासरगोड येथे आहे. तिथल्या केंद्राची सुरुवात १९१६ मधली.

फ्लॅटमधल्या पामचे काय?

मुंबई-ठाण्यातील गॅलरीतल्या अरेका पामलाही हाच नियम लागू पडतो : आधी पान जुने की नवे ते पाहावे. फक्त पात्यांची टोके तपकिरी होत असतील तर बहुधा पाण्यातले किंवा खतातले क्षार कुंडीत साठलेले असतात, किंवा एसीची कोरडी हवा कारण असते. मधला कोंबच मऊ पडून सुटत असेल तर मात्र पाणी जास्त झाले आहे. कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे, शेंड्यावरून पाणी घालणे बंद करावे. अरेकाला बुडातून अनेक खोडे असतात. एक गेले तरी बाकीची जगू शकतात. माडाला ती सवलत नाही.

झाड गेले, हे कधी मानायचे?

उपचार केल्यानंतर हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर देणारी एक साधी युक्ती आहे. नवा कोंब दिसू लागला की त्यावर आणि शेजारच्या झावळीच्या देठावर एकाच उंचीवर न पुसणाऱ्या शाईने रेघ मारावी. आठ-दहा दिवसांनी पाहावे. कोंबावरची रेघ वर सरकली असेल तर गाभा जिवंत आहे. पहिली एक-दोन पाने आखूड, फाटकी आली तरी घाबरू नये. ती जखमेच्या काळात घडलेली असतात.

काही महिने उलटूनही नवा कोंब येत नसेल आणि आतल्या बाजूच्या झावळ्या एकेक गळत असतील, तर तो माड गेला. मग खालच्या झावळ्या हिरव्या आहेत, म्हणून त्याला उभे ठेवण्यात अर्थ नाही. आजोबांनी लावलेले झाड तोडायला मन धजत नाही, हे खरे. पण असा माड पुढे सोंड्या भुंग्याला आसरा देतो, खाली पडला की गेंड्या भुंग्याला घर देतो आणि त्याच्या शेंड्यातला रोग पावसाच्या थेंबांबरोबर शेजारच्या झाडांवर जातो. तो पाडून शेंडा जाळावा, खोड बागेबाहेर न्यावे. रिकाम्या झालेल्या जागी लगेच रोप लावण्याची घाई करू नये. आधी पाण्याचा निचरा आणि झाडांतले अंतर पाहावे. नाही तर सहा-सात वर्षे वाढवलेल्या नव्या माडाचा कोंबही एखाद्या जुलैत मान टाकतो.